कवितेच्या परीक्षणाला अर्धं पान तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, छापताना कापलंत तरी चालेल पण वाचा मात्र पूर्ण, एवढी विनंती.

मी एकतीस वर्षं कल्याणजवळच्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, रिटायर होऊन आता सहा वर्षं झाली. तुमचा पेपर घरी माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून येतो आणि रविवारी सकाळी चहा झाला की मी आधी पुरवणीतलं पुस्तकांचं पान काढते, बाकीचा पेपर नंतर. ते पान मध्यंतरी अर्धं झालं, ते मी समजू शकते, कागद महागलाय, जाहिराती मोबाइलवर गेल्यात, तुमच्याही अडचणी असतील. पण गेले कित्येक रविवार मी बघतेय की कवितासंग्रहाचं परीक्षण येणंच बंद झालंय, आता मुखपृष्ठाचा छोटा फोटो, कवीचं नाव, पानं, किंमत आणि खाली दोन ओळी, त्याही मलपृष्ठावरून उचललेल्या. मी ऑफिसला फोन केला होता, एक मुलगा खूप नीट बोलला, म्हणाला मॅडम कवितेचे रिव्ह्यू कुणी वाचत नाही हो, ऑनलाइन टाकले तरी क्लिक येत नाहीत, आणि लिहिणारेही मिळत नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही. पण फोन ठेवल्यावर दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून हे पत्र.

मला एका माणसाच्या कामाबद्दल सांगायचंय. आदिल जस्सावाला. मुंबईचे पारशी, जन्म १९४०चा, इंग्रजीत कविता लिहिणारे. आपल्या मराठी वाचकांना हे नाव फारसं माहीत नसतं, मलाही नव्हतं, आणि कळलं ते मराठीत आणि इंग्रजीतही लिहिणाऱ्या आपल्या कवी अरुण कोलटकरांमुळे.

झालं असं की आमच्या वाचनालयाच्या एका सभासदाने घर बदलताना दोन खोकी भरून पुस्तकं भेट दिली, त्यात कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' निघालं. दाखल नोंदवहीत पुस्तक चढवताना लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, सगळं लिहावं लागतं, तसं मी प्रकाशकाच्या रकान्यात लिहिलं 'क्लिअरिंग हाऊस, मुंबई'. बँकेत चेक क्लिअरिंगला जातात ते माहीत होतं पण पुस्तकाच्या प्रकाशकाचं असं नाव पहिल्यांदाच बघत होते, म्हणून कुतूहल वाटलं आणि मी विचारत, वाचत गेले. तेव्हा कळलं की ही कुठली कंपनी-बिंपनी नव्हतीच. चार कवी एकत्र आले होते, अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल, हे पटेल धंद्याने डॉक्टर. आपल्या कविता कोणी छापत नाही तर आपणच छापू म्हणून त्यांनी हे काढलं, आणि १९७६ साली चौघांची चार पुस्तकं आली. त्यातलं एक 'जेजुरी', ज्याला पुढच्या वर्षी राष्ट्रकुलाचं कवितेचं बक्षीस मिळालं. मुखपृष्ठं कोलटकरांनी केली, ते जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले माणूस होते. म्हणजे आपल्या खंडोबाच्या जेजुरीवरच्या ज्या कविता आज जगभर शिकवल्या जातात त्या पहिल्यांदा पुस्तक होऊन वाचकाच्या हातात आल्या त्या या चार कवींनी स्वतः छापल्या म्हणून, आणि त्या चौघांत एक हे जस्सावाला.

त्याच वेळी त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं, 'मिसिंग पर्सन'. ते मला कितीतरी वर्षांनी मिळालं, तेही माझ्या मुलीने ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून चार दिवसांच्या बोलीवर आणून दिलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं आणि पुढे कामापुरतं, त्यामुळे डिक्शनरी शेजारी घेऊनच बसले होते आणि खरं सांगते, पहिल्या वाचनात निम्मं हातातून निसटलं. पण एका ठिकाणी मी थांबलेच. इंग्रजी कविता चाललीय, इंग्रजी ए हे अक्षर येतं आणि लगेच पुढे छापलेला आपला देवनागरी 'अ'. इंग्रजी ओळींच्या मधोमध आपला अ, गोल पोट, काना, वर रेघ, बालवाडीच्या पाटीवर काढतो तोच. आणि कवी त्याच्याबद्दल काय म्हणतो तर हा अ आता नुसता अडखळल्याचा, खोकल्यासारखा आवाज होऊन राहिलाय, एके काळी त्याने उजेड दिला होता, आणि तो इंग्रजी ए मात्र इथे मुक्कामाला आलाय. मी ते पान कितीतरी वेळ उघडं ठेवून बसले होते. आपण मराठी शाळा बंद पडतायत म्हणून मोर्चे काढतो, अग्रलेख लिहितो, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या एका पारशी माणसाने १९७६ साली त्या एका अक्षरात ते सगळं दुखणं मांडून ठेवलं होतं. त्यालाही ते सलत होतंच ना, की मी ज्या भाषेत लिहितोय तिच्यामुळे या दुसऱ्या अक्षराचा आवाज दबलाय.

मुंबईच्या समुद्राच्या वाऱ्यावरची त्यांची एक कविता आहे, तीही त्याच पुस्तकातली. फाळणीत फाटलेला देश, उसवलेली माणसं, आणि त्या माणसांनी या बेटावर येऊन स्वतःला परत गाठी मारून घेतल्या असं काहीसं त्यात येतं. मी जन्म काढला तो उल्हासनगरच्या शेजारी. तिथे फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं येऊन राहिली, त्यांची पोरं-नातवंडं आमच्या वाचनालयात यायची, मराठी पुस्तकं न्यायची. कपड्याचाच धंदा होता त्यांच्यातल्या कितीजणांचा. त्यामुळे कापणं, उसवणं, गाठ मारणं हे शब्द त्या कवितेत वाचले तेव्हा मला उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या गल्ल्या दिसल्या, दुकानांच्या बाहेर टांगलेले तागे दिसले. कविता कळली का असं कोणी विचारलं तर मी म्हणेन हो, ही कळली.

आता मुद्द्यावर येते. 'मिसिंग पर्सन' १९७६चं. त्याच्या आधीचं पहिलं पुस्तक 'लॅण्ड्स एन्ड' १९६२चं, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि इंग्लंडमध्ये होते. सतराव्या वर्षी आर्किटेक्चर शिकायला गेले, ते सोडून ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकले, आणि १९७० साली कायमचे मुंबईला परत आले. आणि 'मिसिंग पर्सन'नंतरचा पुढचा कवितासंग्रह, 'ट्राइंग टू से गुडबाय', आला कधी तर २०११ साली. पस्तीस वर्षांनी! त्याला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मराठीसाठी जयंत नारळीकरांना त्यांच्या आत्मचरित्राबद्दल मिळाला होता, आपण सगळे त्या आनंदात होतो आणि ते बरोबरच होतं.

या पस्तीस वर्षांबद्दल लोक म्हणतात कवी गप्प होता, म्हणजे जणू माणूस घरी हात बांधून बसला होता. मला हे अजिबात पटत नाही, आणि पटत नाही कारण मी त्यांचं गद्य वाचलंय. या सगळ्या काळात हा माणूस दुसऱ्यांची पुस्तकं वाचत होता आणि त्यांच्यावर लिहीत होता. ऐंशीच्या दशकात इंडियन एक्सप्रेसमध्ये पुस्तकांची पानं सांभाळली, डेबोनेअर मासिकाचे संपादक होते, आणि हो, ते मासिक ज्या चित्रांसाठी लोक लपवून घ्यायचे त्याच मासिकात चांगल्या कविताही छापून यायच्या, कवयित्री इम्तियाझ धारकर त्याचं कवितेचं पान बघायच्या. पेपरात, मासिकांत सदरं लिहिली, परीक्षणं लिहिली, शहरावर लिहिलं, माणसांवर लिहिलं. त्याच्याही आधी, परदेशातून परत आल्यावर चार वर्षांत, पेंग्विनसाठी 'न्यू रायटिंग इन इंडिया' नावाचं संकलन केलं, १९७४चं, त्यात भारतातल्या वेगवेगळ्या भाषांतलं नवं लेखन इंग्रजीत एकत्र ठेवलं. नुकता परदेशातून आलेला माणूस आधी काय करतो, तर आपल्या देशातल्या इतर भाषांत काय लिहिलं जातंय ते बसून वाचतो. मला तर हे कवितेइतकंच मोठं काम वाटतं.

हे विखुरलेलं गद्य २०१४ साली पुस्तक होऊन आलं, 'मॅप्स फॉर अ मॉर्टल मून', जेरी पिंटो यांनी संपादन केलेलं. जेरी पिंटो म्हणजे तेच ज्यांनी आपल्या दया पवारांचं 'बलुतं' इंग्रजीत नेलं, मल्लिका अमर शेख यांचं आत्मचरित्र नेलं, बाबूराव बागुलांच्या कथा नेल्या. मुलीने मला ते पुस्तक वाढदिवसाला दिलं आणि मी रोज दुपारी दोन-तीन पानं असं करत सहा महिने वाचलं. त्यातले बरेच लेख पेपरच्या कॉलमाच्या मापाचे आहेत, तुमच्या पानावर बसतील एवढेच. वाचताना मला सारखं जाणवत होतं की कवी जेव्हा पुस्तकावर लिहितो तेव्हा त्याचं लक्ष वेगळ्या ठिकाणी असतं. विषय काय, संदेश काय, समाजाला काय दिलं, हे सगळे आपण शाळेत लिहायचो ते प्रश्न तो बाजूला ठेवतो आणि बघतो की वाक्य उभं कसं राहिलंय, शब्द कुठे खोटा पडलाय. तालीम बघायला नुसता प्रेक्षक बसला आणि दुसरा नट बसला तर फरक पडतो ना, तसंच.

आणि मित्राच्या पुस्तकावरही खरं लिहायचं हे सोपं नसतं हो. मुंबईतल्या इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींचं ते जग किती छोटं होतं! निसीम इझिकेल, डॉम मोराएस, कोलटकर, गीव्ह पटेल, युनिस डिसूझा, दिलीप चित्रे, सगळे एकमेकांना ओळखणारे, एकाच शहरात फिरणारे, एकमेकांच्या कविता छापणारे. इझिकेलही तसेच, स्वतः कवी आणि जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहीत राहिले, नव्या पोरांच्या कवितांची बाडं वाचत राहिले. आणि आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेणारेही तेच. २००४ या एका वर्षात जानेवारीत इझिकेल गेले, जूनमध्ये मोराएस, सप्टेंबरमध्ये कोलटकर. एका वर्षात तीन. नंतर दिलीप चित्रे गेले, युनिस डिसूझा गेल्या, गीव्ह पटेल गेले. या लोकांनी काय लिहिलं, कुठे छापलं, तेव्हा त्यावर कोण काय बोललं हे आज सांगता येतं याचं कारण त्या वेळी कोणीतरी परीक्षण लिहिलं, कोणीतरी ते छापलं आणि कोणीतरी कापून जपून ठेवलं. जस्सावाला हे कात्रणं जपणारे माणूस आहेत हे वाचलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला, कारण माझ्याही कपाटात जुन्या हिशेबाच्या वह्यांमध्ये खळीने चिकटवलेली परीक्षणं आहेत, अकरा वह्या.

मराठीत अशी माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये. मर्ढेकर कवी आणि सौंदर्यशास्त्रावर लिहिणारेही. पु. शि. रेगे स्वतः कवी आणि 'छंद' हे द्वैमासिक काढणारे. वसंत आबाजी डहाके आणि प्रभा गणोरकर, दोघंही कवी, दोघांनी दुसऱ्यांच्या कवितेवर जन्मभर लिहिलं, वाङ्मयकोशासारखं किचकट काम केलं. डहाके यांना 'चित्रलिपी'साठी अकादमी मिळालं आणि २०१२ला ते चंद्रपूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण विद्यार्थ्यांना विचारा, त्यांच्या हातात आधी काय आलं, तर कोश आणि समीक्षा. आणि आजही लिहिणारे आहेत, तिशी-चाळिशीतले, छोट्या गावांतून, कॉलेजात शिकवणारे, बँकेत काम करणारे, चांगलं वाचणारे, फक्त त्यांना जागा देणारा पेपर नाही. तो मुलगा म्हणाला लिहिणारे मिळत नाहीत, तर मी म्हणते चार महिने सलग जागा देऊन बघा, मानधन वेळेवर द्या, मग बघा मिळतात की नाही.

आता परीक्षणाने होतं काय, ते मी वाचनालयात आणि घरात, दोन्ही ठिकाणी जवळून बघितलंय.

वाचनालयाचं आधी सांगते. आमची पुस्तक खरेदी वर्षातून दोनदा व्हायची, अनुदान आलं की. कमिटीत सात जण, आणि यादी बनवताना प्रत्येकजण पेपरात वाचलेलं नाव सांगायचा. ज्याचं परीक्षण आलं ते यादीत, ज्याचं नाही ते नाही, इतकं साधं आहे ते. कविता खपत नाहीत म्हणतात पण छोटी वाचनालयं विकत घेतात ती नावं कुठून येतात याचा कोणी विचार करत नाही. मी एक सवय लावून घेतली होती, कवितासंग्रह आला आणि त्याचं परीक्षण माझ्याकडे असेल तर त्याची झेरॉक्स पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून, तारखेच्या चिठ्ठीच्या समोर चिकटवायची. लोक पुस्तक मागून उघडून बघतात, किती जणांनी नेलंय ते बघायला, तेव्हा समोर ते कात्रण दिसायचं, त्यात कवितेच्या चार-सहा ओळी असायच्या, त्या ओळी उभ्याउभ्या वाचून माणूस पुस्तक काउंटरवर आणायचा. एक संग्रह मला आठवतो, त्याच्या चिठ्ठीवर वर्षात अकरा शिक्के पडले, आणि त्याच फळीवर शेजारी, त्याच प्रकाशकाचा, तितकाच चांगला दुसरा संग्रह, कात्रण नसलेला, त्याच्यावर एकही नाही. एक रेल्वेतले गृहस्थ होते, कायम रहस्यकथा न्यायचे, त्यांनी एकदा असंच कात्रण वाचून एक संग्रह नेला आणि तीनदा मुदत वाढवून घेतली. परत देताना काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, या बाईंचं अजून काही आहे का.

घरातलं सांगायला जरा जड जातं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. १९९३ साली त्याने स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून कवितासंग्रह छापला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे परीक्षणासाठी दोन-दोन प्रती पाच-सहा ठिकाणी पाठवल्या, रजिस्टर पोस्टाने, वर सुंदर अक्षरात 'अभिप्रायार्थ सादर' लिहून. एका मोठ्या पेपरात तीन महिन्यांनी 'साभार पोच' मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, एक ओळ आली आणि त्या ओळीत संग्रहाचं नाव चुकलं होतं. दादाने तीही कापून ठेवली. बाकी कुठून काहीच नाही. वर्ष गेलं, आम्हीही विषय काढायचं बंद केलं, आणि मग एका छोट्या मासिकात, जे बहुतेक कोणाला माहीतही नसेल, अर्ध्या पानाचं परीक्षण आलं. लिहिणारा स्वतः कवी होता. त्याने स्पष्ट लिहिलं होतं की पावसाच्या आणि प्रेमाच्या कविता दुसऱ्यांच्या ऐकून लिहिल्यासारख्या आहेत, त्यात कवी दिसत नाही, पण वडिलांनी बैलजोडी विकली त्या दिवसावरच्या ज्या चार कविता आहेत त्या याच्या एकट्याच्या आहेत, त्या दुसरं कोणी लिहू शकलं नसतं, आणि त्यातली दावणीची मोकळी दोरी ही ओळ मी विसरणार नाही. वहिनीला वाईट वाटलं, म्हणाली एवढा खर्च करून वर नावं ठेवली. दादा मात्र ते पान घेऊन ओट्यावर जाऊन बसला, संध्याकाळ झाली तरी आत येईना. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, अगं, कोणीतरी वाचलंय. पूर्ण वाचलंय. त्याला दोरी दिसली.

त्यानंतर दादाने पावसावर कविता लिहिली नाही. जे लिहिलं ते घरातलं, शाळेतलं, विहिरीवरच्या मोटेचं, आईच्या दम्याचं. दुसरा संग्रह निघाला नाही, पैसे नव्हते, पण वह्या आहेत माझ्याकडे आणि त्या वह्यांमधला माणूस पहिल्या संग्रहातल्या माणसापेक्षा खूप मोठा कवी आहे. ते अर्धं पान नसतं तर तो तसाच कोणाच्या तरी पावसात भिजत राहिला असता. दादा २०१६ला गेला.

आणखी एक गोष्ट त्याला मी कधीच सांगितली नाही, आज लिहितेय. मुंबईला एका लग्नाला गेले होते तेव्हा फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मला त्याचाच संग्रह सापडला, १९९३चा, वर त्याच्या अक्षरात 'अभिप्रायार्थ सादर' आणि खाली त्या मोठ्या पेपरच्या ऑफिसचा आवक शिक्का, तारखेसकट. आत दोन पानं छापखान्यातच वरून जोडलेली राहिली होती, ती तशीच होती, कोणी कापलीच नव्हती. दहा रुपयांना घेतला मी तो. आजही माझ्याकडे आहे आणि ती पानं मी अजून कापलेली नाहीत, धीरच होत नाही.

कोणी म्हणेल आता फेसबुक आहे, व्हॉट्सॲप आहे, कवीला प्रतिक्रिया लगेच मिळते. मिळते ना, मी पण बघते. कविता टाकली की पाच मिनिटांत अप्रतिम, निःशब्द, काळजाला भिडलं, हात जोडलेले, फुलं. लोक प्रेमाने देतात, त्याला मी नावं ठेवणार नाही, मीही देते. पण त्यात तुझ्या पावसाच्या कविता तुझ्या नाहीत हे कोण सांगणार? ते सांगायला आधी अख्खा संग्रह वाचावा लागतो, दोन-तीनदा वाचावा लागतो, मग शोधावं लागतं की यातलं त्याचं स्वतःचं काय, आणि मग नावानिशी, छापून, जबाबदारी घेऊन लिहावं लागतं, उद्या तोच कवी कार्यक्रमात समोर भेटणार आहे हे माहीत असताना. याला वेळ जातो, याला मेहनत लागते, आणि जस्सावालांसारखा माणूस स्वतःच्या कवितेचा वेळ काढून वर्षानुवर्षं हे करत राहिला म्हणून मी म्हणते की ती पस्तीस वर्षं रिकामी नव्हती. आपल्या कोलटकरांबद्दलही असंच बोलायचे, १९७७च्या 'अरुण कोलटकरच्या कविता' नंतर थेट २००३ला 'भिजकी वही', मध्ये काय केलं म्हणून. कवीचं काम पुस्तकाच्या तारखांनी मोजायची ही सवय आपल्याला कुठून लागली कोण जाणे.

जस्सावालांनी नंतरही लिहिणं सोडलं नाही, २०१९ला त्यांचा 'शोअरलाइन्स' आला, आणि तो काढला पोएट्रीवाला या मुंबईच्या प्रकाशनाने, जे चालवतात आपले मराठी कवी हेमंत दिवटे. बघा, १९७६ला एका पारशी कवीच्या खटपटीतून आपल्या कोलटकरांचं 'जेजुरी' निघालं आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एका मराठी कवीच्या खटपटीतून त्याच पारशी कवीचं पुस्तक निघालं. असं काही आपल्याच शहरात घडतं आणि आपल्या पेपरात त्याच्यावर चार ओळी येत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर माझं मागणं असं आहे. दर रविवारी नको, पंधरा दिवसांतून एकदा एका कवितासंग्रहाचं परीक्षण छापा. ते शक्यतो कवीकडूनच लिहून घ्या, आणि मित्राने मित्रावर लिहिलेलं नको. त्यात त्या संग्रहातल्या निदान सहा-आठ ओळी असू द्या, ओळी तोडून एकापुढे एक नका लावू, जशा आहेत तशा एकाखाली एक छापा, जागा जाते मला माहीत आहे पण कविता तशीच दिसली पाहिजे. जे जमलं नाही ते जमलं नाही असं लिहायची मोकळीक द्या. आणि कधीतरी एखादा रविवार जस्सावालांसारख्या कवीच्या गद्यावर द्या, त्यातला एखादा लेख रीतसर परवानगी घेऊन कोणाकडून मराठीत आणता आला तर फारच चांगलं, जेरी पिंटोंनी आपली इतकी पुस्तकं तिकडे नेली, आपण तिकडचं निदान एक पान इकडे आणू.

माझ्या अकरा वह्या तुमच्या पुरवणी विभागाला हव्या असतील तर मी स्वतः आणून देईन, त्यात १९८४पासूनची परीक्षणं आहेत, तुमच्याच पेपरातलीही पुष्कळ आहेत, तेव्हा तुम्ही किती छान छापत होतात ते तुमच्या नव्या मुलांना बघता येईल. सोबत दादाच्या संग्रहावरच्या त्या परीक्षणाची झेरॉक्स जोडलीय. शब्द मी मोजलेत, चारशे साठ आहेत, कवितेच्या ओळी धरून. जागा एवढीच लागते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
कल्याण